पंपभाऊ आणि आमचं तापणारं मशीन

पंपभाऊंचा अंदाज चुकला की त्यांना आनंद व्हायचा. असा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. आपलं म्हणणं खोटं निघालं की माणसं चिडतात, गप्प होतात, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतात. मी तर अजूनही ढकलते. घरात दोन सुना आहेत, त्या कधी उपयोगी पडायच्या? पंपभाऊंचं सगळं उलटं. आत कचरा अडकलाय असं छातीठोकपणे सांगायचं, मशीन उघडायचं, आत कचऱ्याचा कणही सापडला नाही की मांडीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "नाय निघाला! बरं झालं. एक वाट बंद झाली." मग दुसरा अंदाज तितक्याच छातीठोकपणे सांगायचा. मशीनचा मालक कपाळाला हात लावून बसलेला असे आणि हे मुलीचं लग्न जमल्यासारखे हसत असत.

ते माहीमचे. मुंबईचं माहीम नव्हे, केळव्याजवळचं आमचं. तिथल्या वाड्यांमध्ये केळी, पानवेली, चिकू, आणि प्रत्येक वाडीत एक विहीर आणि विहिरीवर एक पंप. त्या पंपांवर त्यांची हयात गेली, म्हणून ते पंपभाऊ. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. अंगानं इतके काटकुळे की सायकलवर बसले की सायकलच एकटी येतेय असं लांबून वाटायचं. हत्यारं बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कॅरिअरला बांधलेली. पण बोलणं मात्र पैलवानाचं. "पालघर तालुक्यात पंप कळणारी दोनच माणसं," असं ते म्हणायचे. "एक मी. दुसरा अजून सापडला नाय." आणि एवढं बोलून, दुसरा खरंच कुठे दिसतोय का, असं आजूबाजूला बघायचे.

वाडीतला हा माणूस आमच्या सातपाटीच्या किनाऱ्यावर कसा आला, त्याचीही गंमत आहे. मोठ्या बोटींना आत बसवलेलं डिझेल इंजिन असे आणि त्यांचे मिस्त्री ठरलेले असत. ऐंशीच्या सुमारास आमच्यासारख्यांच्या लहान होड्यांना मागे टांगायची मशिनं आली. ती बिघडली की कुणाकडे जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी पंपभाऊंना बोलावलं. त्यांनी ते मशीन उलटंसुलटं करून पाहिलं आणि जाहीर केलं, "हा तर पंप हाय. होडी ढकलतो तो त्याचा जोडधंदा." आणि त्यांनी आम्हा बायकांनाही कळेल असं समजावून सांगितलं. मशीनचा खालचा पाय पाण्यात बुडलेला असतो. त्या पायाला बारीक भोकं. त्यांतून समुद्राचं पाणी आत येतं, आतलं रबराचं चाक ते वर फेकतं, पाणी तापलेल्या मशीनभोवती फिरून त्याला गार करतं आणि मागच्या छिद्रातून बारीक पिचकारी मारत पुन्हा समुद्रात पडतं. पिचकारी चालू, तर मशीन ठीक. पिचकारी बंद, तर मशीन जळालं म्हणून समजा.

आमच्या मशीनची पिचकारी दुसऱ्या वर्षी रुसली.

पहिलं वर्ष कसं गेलं कळलंही नाही. नारळी पौर्णिमा झाली, दुसऱ्या वर्षीचा मोसम सुरू झाला आणि मशीन तापायला लागलं. जाताना ठीक, येताना तापायचं. वास सुटायचा, आवाज चिरका व्हायचा, मग ते बंद. तासभर थांबून गार झालं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. इतरांची मासळी पालघरच्या बाजारात जाऊन विकून झालेली असे तेव्हा आमची होडी किनाऱ्याला लागायची. दोनदा तर दुसऱ्याच्या बोटीला दोर बांधून ओढत आणावी लागली. पापलेट नरम पडलेलं, बोंबलांची तर गोष्टच सोडा.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, वैतागले. त्यांच्या मावसभावानं बोईसरच्या एका कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्यांनी घरात सांगून टाकलं, की दसऱ्यापर्यंत मशीन सुधारलं तर ठीक, नाहीतर होडी विकायची आणि कंपनीत जायचं. माझे सासरे भिंतीला टेकून बसले होते. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. बाबा म्हणजे दोन माणसांएवढा एक माणूस, देह तसाच आणि आवाजही तसाच. सगळा जन्म त्या होडीच्या मागच्या टोकाला बसून काढलेला. पण त्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. होडीतून उतरताना एकदा पाय दोरात अडकून पडले, तेव्हापासून मुलानं त्यांना घरी बसवलं होतं. समुद्र सुटला होता, होडी अजून होती. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन ते तिच्या लाकडावर हात फिरवून यायचे. तीही गेली असती तर त्या माणसाकडे भिंतीशिवाय काही उरलं नसतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बोईसर दिसत होतं.

काय सांगू, मी बोईसरवर किती जीव टाकला होता! त्या मावसभावाच्या खोलीवर एकदा गेले होते. घरात नळ, डोक्यावर पंखा, आठवड्याला एक ठरलेली सुट्टी. शेजारची बाई संध्याकाळी पावडर लावून, पर्स घेऊन नुसती फिरायला निघाली होती. डोक्यावर पाटी नाही, हातात कोयता नाही, नुसती फिरायला! घरी आल्यापासून मी मनातल्या मनात खोलीला पडदे लावत होते. पोपटी की गुलाबी, एवढंच ठरायचं बाकी होतं. बोईसरला सगळं हिंदीत चालतं म्हणून मी बोंबील सुकत घालता घालता हिंदीचा सरावही करत असे. "भैयाजी, ये भेंडी कैसा दिया?" असं मी मांडवावरच्या बोंबलांना विचारायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी मला तेव्हाच मांत्रिकाकडे नेलं असतं.

पण वरकरणी मी मशीनसाठी सगळ्यांत जास्त धडपडत होते. सून म्हणून शोभायला नको? माझा स्वतःचा एक सिद्धांतही होता. मशीन जाताना गार, येताना गरम, म्हणजे उघडच आहे, पहाटे ऊन नसतं, येताना डोक्यावर ऊन! मी गोणपाटाचं टोपरं शिवलं, त्याला कडेनं फुलाफुलांची झालर लावली आणि ते ओलं करून मशीनला घालायला दिलं. त्या दिवशी मशीन रोजच्यापेक्षा निम्म्या वाटेतच बंद पडलं. किनाऱ्यावरच्या बायका मला पुढे महिनाभर विचारत होत्या, "काय गो, मशीनचं बारसं कधी?" मी तोंड पाडून घरी आले, आणि दार लावून पोटभर हसले. पडदे गुलाबीच लावायचे, हे त्या दिवशी नक्की झालं.

मग पंपभाऊ आले. सायकल वाळूत आडवी टाकली आणि पहिल्यांदा मशीनकडे पाठ करून बसले. ही त्यांची पद्धत. आधी माणसं तपासायची, मग मशीन. तीही एकेक करून. नवऱ्याला एकीकडे नेऊन विचारलं, खलाशांना वेगवेगळं बोलावलं. कारण विचारलं तर म्हणाले, "दोघं एकत्र बसले की एकच खोटं बोलतात. वेगळं बसवलं की दोन निराळी खोटी मिळतात, त्यातून थोडं खरं गाळता येतं." मला वाटलं, मला कोण विचारणार? पण मलाही बोलावलं. मी उन्हाचा सिद्धांत सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकून घेतला आणि टोपरं बघायला मागितलं. झालरीवरून बोट फिरवून म्हणाले, शिलाई चांगली आहे.

सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, जाताना बरं, येताना तापतं. पंपभाऊंनी पहिला अंदाज ठोकला, पायाच्या भोकांत प्लॅस्टिक नाहीतर गाळ. मशीन काढून किनाऱ्यावर आणलं. भोकं आरशासारखी स्वच्छ. त्यांनी मांडीवर थाप मारली. दुसरा अंदाज, रबराचं चाक झिजलं. पाय उघडला. चाकाची पाती नवी कोरी, एकही तुटलेलं नाही. पुन्हा थाप. तिसरा अंदाज, खारं पाणी आत वाळून नळ्यांत मीठ धरलं. त्यांनी नळ्यांतून तार फिरवली, गोडं पाणी सोडलं, पाणी धो धो बाहेर आलं. नवरा प्रत्येक वेळी खचत होता. बाबा लांब एका उलट्या होडीवर बसून नुसता आवाज ऐकत होते. आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाला दोन माणसं खूश होत होती. एक पंपभाऊ, आणि दुसरी मी. त्यांची एक वाट बंद व्हायची तेव्हा माझी बोईसरची थोडी आणखी उघडायची.

चौथा अंदाज माझ्या स्वयंपाकघरात आला. मशीनच्या आत एक छोटी झडप असते. मशीन तापलं की ती उघडते आणि पाणी वाहू देते. ती अडकली असेल, तर मशीन तापणारच. ती उघडते की नाही हे बघायला पंपभाऊ थेट चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, चहाचं भांडं दे. मी दिलं. आजही मला माझ्या मूर्खपणाची कमाल वाटते. मी त्यात सवयीनं साखर घातली. पंपभाऊंनी ते बघितलं. पाणी उकळायला लागलं, त्यांनी दोऱ्याला बांधून झडप आत सोडली आणि आम्ही दोघं भांड्यावर वाकून बघत बसलो. गोड पाण्यात ती झडप हळूहळू, अगदी शिंपल्यासारखी उघडली.

"नाय निघाली," पंपभाऊ म्हणाले.

"नाय निघाली," मीही म्हणाले, आणि मला हसू आवरलं नाही.

त्यांनी झडप बाहेर काढली, फुंकर मारून गार केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, मी खूश होतो कारण ती माजी पद्धत हाय. तू कशाला खूश होतंस?"

मी चुलीत उगाच एक लाकूड सारलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघायची त्यांची नजर बदलली. बंद पडलेल्या पंपाकडे बघावं तशी ते माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे बिघाड कुठे आहे ते अंदाजानं कळलंय, उघडायचं बाकी आहे.

मशीन पुन्हा जोडलं. पाण्यानं भरलेल्या पिंपात पाय बुडवून किनाऱ्यावरच चालवलं. तासभर चाललं, पिचकारी जोरात, हात लावला तर कोमट. होडीला लावून खाडीत फिरवलं, तिथेही ठीक. दुसऱ्या दिवशी समुद्रात गेलं, येताना तापलं. दसरा चार-सहा दिवसांवर आलेला. मावसभावाचा निरोप आला, की येणार असाल तर नक्की सांगा, दुसरा माणूस वाट बघतोय.

तेव्हा पंपभाऊ म्हणाले, "आता मलाच जायला लागंल."

हे वाचायला साधं वाटेल, पण पंपभाऊ आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते. विहिरीचं पाणी हेच त्यांचं पाणी. समुद्राला ते लांबूनच नमस्कार करायचे, कारण त्यांच्या मते ज्या पाण्याला दुसरा काठ दिसत नाही त्यावर विश्वास ठेवू नये. पोहता येत नव्हतं. तरी पहाटे बायकोनं दिलेली केळी कमरेला बांधून हजर. आदल्या संध्याकाळी त्यांनी गावदेवीला नारळ दिला होता, आणि मला वाटतं आणखीही कुठे कुठे दिला असावा. खलाशांनी उचलूनच त्यांना होडीत घातलं. बाबा किनाऱ्यावर उभे होते. कुणी बोलावलं असतं तर ते त्याच क्षणी पाण्यात उतरले असते. कुणी बोलावलं नाही.

होडी परत आली तेव्हा दुपार झाली होती, आणि मशीन बंदच होतं. शेवटचं अंतर वल्ही मारून कापलेलं. पंपभाऊंचा चेहरा कच्च्या केळ्याच्या रंगाचा. दोघांनी धरून त्यांना वाळूत आणून ठेवलं. मी शहाळं घेऊन गेले. मनात म्हटलं, झालं, आता उद्या पडद्याचं कापड.

शहाळं संपवून त्यांनी सगळ्यांना लांब जायला सांगितलं, मला मात्र थांबवलं. मग हळू आवाजात, पण डोळे चमकवत सांगायला लागले. जाताना मधे बसून सगळं बघितलं, तेव्हा मशीन उत्तम चाललं. जाळं टाकलं, ओढलं, परत निघाले. आणि त्यांच्या पोटात ढवळून आलं. कुठे ओकायचं? पुढे खलाशी जाळ्यातून मासळी सोडवत बसलेले, तिथे नको. म्हणून मागे जाऊन मशीनच्या बाजूनं पाण्यावर ओणवे झाले. "माजं पोट वर येत होतं," ते म्हणाले, "आणि तेवढ्यात बघतो तर मशीनचा पायपण वर येतोय. प्रत्येक लाटेला. भोकं पाण्याच्या बाहेर! तो पाणी नाय पीत, वारा पितो. वाऱ्यानं कुठं तहान भागते?"

मला कळेना. गेल्या वर्षी तर हेच मशीन, हीच होडी. ते म्हणाले, तेच तर. जाताना जाळ्याचा ढीग मागे असतो, मागची बाजू दबलेली असते. येताना जाळं पुढे, मासळी पुढे, ती सोडवणारे खलाशी पुढे. मागे तुझा नवरा एकटा, तोही माझ्यासारखाच सडपातळ. होडी मागून हलकी होते आणि पाय उचलला जातो. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी सांगितलं नाही, कारण रोजच जाळं तसंच ठेवतात. रोजचं कोण कशाला सांगेल. आणि गेल्या वर्षी मागे कोण बसत होतं?

मी वळून बघितलं. बाबा अजूनही त्या उलट्या होडीवर बसून होते, आमच्याकडे कान लावून, पण ऐकू येण्यासारखं अंतर नव्हतं.

"बाय," पंपभाऊ म्हणाले, "तुजं बोईसर गेलं. ते माज्या हातात नाय. मशीनच्या बाबतीत मी खोटं बोलत नाय."

मी एवढीशी झाले. त्यांना सगळं ठाऊक होतं. कदाचित साखरेच्या पाण्यापासून. मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि ते दोन्ही गिळून मी विचारलं, आता काय करायचं.

"दोन उपाय हायत," ते म्हणाले. "मशीन ज्या फळीला टांगलंय ती चार बोटं कापून खाली घेतली की झालं. अर्ध्या तासाचं काम. नायतर म्हातारा मागे बसवायचा. दोन्ही बरोबर, दोन्ही खरं. कुठला सांगू, ते तू बोल."

मला विचारत होते! घरात भाजी कुठली करायची हेही मला कोणी विचारत नसे. आज माझी नातवंडं ही गोष्ट ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं की आजीनं मोठ्या मनानं निर्णय घेतला. काही नाही. मी बाबांकडे बघितलं आणि मला आठवलं, की घरी बसल्यापासून हा माणूस दिवसभर मला सूचना देतो. मीठ कमी घाल, मांदेली अशी नको तशी साफ कर, पाणी किती सांडतेस. बोईसर गेलं ते गेलं, निदान सकाळची शांतता तरी मिळू दे. मी म्हटलं, "म्हाताऱ्यालाच बसवा. घरात नुसता डोकं खातो."

पंपभाऊ इतके हसले की त्यांना पुन्हा मळमळलं.

मग त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. आणि इथे या माणसानं जे केलं ते मी कधी विसरले नाही. वजनाचं त्यांनी नावही काढलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "नाखवा, मशीन कळणारं माणूस बाजूला बसायला पायजे. तुमच्या पोराला पुढं बघू दे. तुमी मागे बसा, आणि ह्या पिचकारीवर तळहात धरा. पाणी गार लागतंय तोवर ठीक. कोमट झालं की सांगा, कढत झालं की बंद करायला लावा. डोळ्यांचं काम नाय हे. हाताचं हाय."

बाबांनी कधी नव्हे ते नम्रपणे विचारलं, कुठला हात. पंपभाऊंनी थोडा विचार केल्यासारखं करून सांगितलं, उजवा. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

नवऱ्याचा आधी विश्वास बसेना. पण दुसऱ्या दिवशी बाबा मागे बसले आणि मशीन येताना तापलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, मावसभावाला नकार कळवला. कंपनीत तो दुसरा माणूस लागला, त्याची बायको पर्स घेऊन फिरायला जात असेल, देव तिचं भलं करो. मी पुढे कितीतरी वर्षं पालघरच्या बाजारात पाटी घेऊन बसले आणि भेंडी मराठीतच विकत घेतली.

बाबा मात्र बदलले. संध्याकाळी घरी आले की मला आधी तळहात दाखवायचे आणि आज पाणी किती गार होतं ते सांगायचे. किनाऱ्यावर कुणाचंही मशीन कुरकुरलं की त्यांना बोलावणं यायचं. ते जाऊन तळहात धरायचे, गंभीर चेहरा करायचे, आणि म्हणायचे, माहीमहून भाऊंना बोलवा. पंपभाऊ आले की दोघं शेजारी बसून तासन्‌तास पाण्याबद्दल बोलत. एक विहिरीबद्दल, एक समुद्राबद्दल. एकमेकांचं किती कळत होतं कोण जाणे. पंपभाऊ पुन्हा कधी होडीत चढले नाहीत. बाबांनी खूप आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "मी एकदा गेलो त्यात मला सगळं दिसलं. परत गेलो तर दिसलेलं जाईल." जाताना केळीचा घड ठेवून जायचे आणि सुकटीची पुडी घेऊन जायचे. माझ्याशी फार बोलत नसत. फक्त चहा हातात घेतला की पहिला घोट घेऊन, साखर बरोबर आहे, असं सगळ्यांसमोर सांगायचे, आणि मी आत पळायचे.

माझा धाकटा शाळेत जायला लागला त्या वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, बाबा झोपेतच गेले. आदल्या दिवशीच त्यांनी होडीला रंग कुठला द्यायचा यावर नवऱ्याशी भांडण केलं होतं. पंपभाऊ अंत्ययात्रेला आले, मागे मागे चालले. मला वाटलं, आता हे कशाला येतील आमच्याकडे.

दिवस-कार्य उरकल्यावर होडी पहिल्यांदा बाहेर काढायची होती. त्या पहाटे किनाऱ्यावर गेलो तर पंपभाऊ आधीच तिथे. कुणी बोलावलं नव्हतं. माहीमहून अंधारातच निघाले असावेत, कारण सायकलचा दिवा अजून चालू होता आणि तो विझवायचं भान त्यांना नव्हतं. मशीन उतरवून बाजूला वाळूवर ठेवलेलं. ते होडीच्या मागच्या बाजूला वाकून करवतीनं फळी कापत होते.

नवऱ्यानं विचारलं, हे काय करताय. ते मान वर न करता म्हणाले, "चार बोटं खाली घ्यायला लागंल आता."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्या फळीकडे. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी त्याला सांगितलं नव्हतं. तो खाली बसला आणि फळीचं दुसरं टोक धरलं, करवत अडकू नये म्हणून.

मशीन चढवलं, पेच आवळले, होडी गेली. पंपभाऊ घरी आले नाहीत. वाळूत बसून राहिले, दुपारपर्यंत. मी दोनदा जेवायला बोलावलं, दोनदा नको म्हणाले. होडी दिसायला लागली तेव्हा उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेले. धोतर भिजलं तरी मागे सरले नाहीत. मशीन सुरळीत वाजत होतं, पिचकारी लांबूनही दिसत होती. होडी मासळीनं भरलेली. नवऱ्यानं मशीन बंद केलं.

"तापलं का?" पंपभाऊंनी विचारलं.

"नाय," नवरा म्हणाला. "जरापण नाय."

आणि दोघंही, आपलं काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्यानं, त्या होडीच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.